इनान्ना, एन्लिल आणि एक लपणारा 'क'

सुमेरी देवांच्या नावांवरचे वाद बहुतेक वेळा एकाच वाटेने जातात. नाव घ्यायचे, त्याचे दोन तुकडे पाडायचे, शब्दकोशात दोन्ही तुकड्यांचे अर्थ बघायचे, ते चिकटवायचे आणि देवाचा उगम सापडला म्हणून जाहीर करायचे. एन म्हणजे स्वामी, लिल म्हणजे वारा. म्हणून एन्लिल हा वाऱ्याचा स्वामी. एन म्हणजे स्वामी, की म्हणजे पृथ्वी. म्हणून एन्की हा पृथ्वीचा स्वामी. याच रीतीने मराठीचा शब्दकोश हाती असलेला परका माणूस पोळपाटाचा अर्थ 'मोकाट बैलाचा पाट' असा काढील, कारण पोळ म्हणजे बैल आणि पाट म्हणजे पाट. त्याचे दोन्ही अर्थ कोशात सापडतील. चुकेल ती जोडणी.

जोडणी बरोबर आहे की नाही हे तपासायला व्याकरण लागते. सुमेरी भाषेत त्यासाठी एक फार उपयोगी खूण आहे: षष्ठीचा 'क'. तो दिसतो कधी आणि लपतो कधी एवढे कळले, तर देवनामांवरच्या निम्म्याअधिक वादांत कोण तपासून बोलतोय आणि कोण अंदाजाने, हे आपले आपल्याला कळू लागते.

आधी थोडी पार्श्वभूमी. सुमेर म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग, तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या खालच्या अंगाचा मुलूख. तिथल्या उरुक शहरात इ.स.पू. ३३०० च्या आसपास मातीच्या ओल्या पाट्यांवर बोरूने खुणा करायला सुरुवात झाली. त्या खुणांतूनच पुढे खिळ्याच्या आकाराची अक्षरे असलेली कीललिपी तयार झाली. सुमेरी भाषेचे ज्ञात कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. तिच्या शेजारी राहणारी अक्कादी मात्र सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातली. इ.स.पू. २००० ते १८०० च्या सुमारास सुमेरी लोकांच्या तोंडून गेली, पण पाठशाळांत आणि देवळांत ती आणखी दीड-दोन हजार वर्षे शिकली आणि लिहिली जात राहिली, आपल्याकडे संस्कृतचे झाले तसे. त्यामुळे एकाच देवाच्या नावाबद्दलचे पुरावे दोन भाषांत आणि अडीच-तीन हजार वर्षांत विखुरलेले आहेत. वादाला जागा तिथेच होते.

दुसरी अडचण लिपीची. तारेसारखे एक चिन्ह आहे. ते 'अन्' वाचले तर आकाश किंवा आकाशदेव, 'डिङिर' वाचले तर देव. नावाच्या आधी आले तर ते उच्चारायचेच नाही, पुढे देवाचे नाव आहे एवढी सूचना त्यातून घ्यायची. (डिङिरमधला तो नाकातला ध्वनी रोमन लिपीत दाखवायला जी-वर खास खूण द्यावी लागते; आपल्या वर्णमालेत ङ बिनकामाचा बसून होता, त्याला इथे काम मिळाले.) अक्कादी लिहिताना हेच चिन्ह 'अन्' आणि 'इल्' अशा नुसत्या अक्षरांसाठीही वापरतात. एका चिन्हाचे अनेक उच्चार आणि एका उच्चाराची अनेक चिन्हे असा हा मामला आहे. म्हणून अभ्यासक लिप्यंतर करताना अक्षराला आकडा जोडतात. 'के४' म्हणजे 'के' असा उच्चार असलेल्या चिन्हांपैकी चौथ्या क्रमांकाचे चिन्ह. आकडा उच्चारायचा नसतो.

चिन्हांचा क्रमही दर वेळी उच्चाराचा क्रम नसतो. राजा या अर्थाचा शब्द 'लुगल', म्हणजे लू (माणूस) अधिक गल (मोठा), पण चिन्हात गल आधी कोरलेला असतो. भूमीखालच्या गोड्या पाण्याला 'अब्झू' म्हणतात आणि लिहितात झू-अब. चंद्रदेवाचे नाव एन-झू असे लिहिलेले दिसते. 'झू' या धातूचा अर्थ जाणणे, त्यामुळे 'ज्ञानाचा स्वामी' हा अर्थ हात जोडून समोर उभाच राहतो, आणि तो छापलेलाही सापडतो. प्रत्यक्षात हे नाव उलट वाचायचे: झू-एन, म्हणजे सुएन. अक्कादीत त्याचेच पुढे सिन झाले. नराम-सिन या अक्कादी सम्राटाच्या नावातला सिन याच दोन चिन्हांनी लिहितात. 'ज्ञानाचा स्वामी' या अर्थामागे पुरावा एवढाच, की कोणीतरी दोन चिन्हे डावीकडून उजवीकडे वाचली.

आता त्या 'क'कडे येऊ. मराठीत विंचू म्हणताना 'व'चा मागमूस नसतो. प्रत्यय लावला की तो बाहेर येतो: विंचवाला, विंचवाने. भाऊचेही तसेच, भावाला. मूळ शब्दात दडलेला ध्वनी पुढे काही लागल्याशिवाय दिसत नाही. सुमेरी षष्ठीचा प्रत्यय 'अक्' असाच वागतो. त्याच्या पुढे स्वर आला तरच त्यातला 'क' लिहिला जातो. पुढे व्यंजन आले किंवा शब्द तिथेच संपला तर 'क' गळतो आणि मागे नुसता 'अ' उरतो. शब्द स्वरान्त असेल तर हा 'अ'ही आधीच्या स्वरात विरतो.

हे प्रत्यक्ष बघायला गुदेआ राजाचा मातीचा खिळा घ्या. गुदेआ हा लगश या सुमेरी नगरराज्याचा शासक, काळ इ.स.पू. २१०० च्या आगेमागे. निनगिर्सू देवाचे एनिन्नू नावाचे देऊळ त्याने गिर्सू शहरात बांधले. ही जागा म्हणजे दक्षिण इराकमधले आजचे तेल्लो. तिथे १८७७ पासून फ्रेंचांनी उत्खनन केले. देवळाच्या भिंतींत त्याने पक्क्या मातीचे खिळे ठोकून बसवले होते. मुठीत मावेल एवढा खिळा, वर गोल डोके, खाली निमुळते टोक आणि अंगावर दहा ओळी. हे खिळे इतके सापडले, की जगातल्या पुष्कळ संग्रहालयांत एखादा तरी असतोच. मजकुराचा आशय असा: एन्लिलचा बलवान वीर निनगिर्सू याच्यासाठी लगशचा शासक गुदेआ याने सगळे यथायोग्य उजळून दाखवले, त्याचे एनिन्नू, तो शुभ्र अन्झू पक्षी (अन्झू हा पुराणकथांतला पक्षी, इथे देवळालाच तसे म्हटले आहे), बांधले आणि पूर्वीच्या जागी पुन्हा उभे केले.

यातले दोन तुकडे शेजारी ठेवा. पहिला 'एन्लिलचा वीर'. इथे एन्लिलच्या नावापुढे 'ला' असे चिन्ह आहे: एन-लिल-ला. ही षष्ठीच आहे, एन्लिल अधिक अक्, पण पुढे स्वर नाही म्हणून 'क' गळाला. दुसरा 'लगशचा शासक'. हा वाक्यातला कर्ता असल्यामुळे त्याच्या शेवटी कर्त्याचा 'ए' लागतो, आपल्या 'रामाने आंबा खाल्ला'मधल्या 'ने'सारखा. अक् अधिक ए, त्यामुळे ओळीच्या शेवटी 'के४' कोरलेले आहे. हाताएवढ्या एका वस्तूवर तोच प्रत्यय एकदा लपलेला आणि एकदा उघडा पडलेला दिसतो.

ही खूण आता देवांच्या नावांना लावायची. नावाच्या पोटात 'अमक्याचा तमका' अशी षष्ठी असेल, तर ते नाव वाक्यात कर्ता झाल्यावर 'के४' दिसलाच पाहिजे. निनगिर्सू हे सोपे उदाहरण. नुसते नाव निन-ङिर्-सू असे लिहितात (गिर्सूतला 'ग' मुळात तोच नाकातला 'ङ'), कर्ता झाले की निन-ङिर्-सू-के४. म्हणजे पूर्ण नाव निन-ङिर्सु-अक्, 'गिर्सूचा स्वामी'. वादच मिटला. निनहुर्सग या मातृदेवतेच्या नावातही तसाच 'क' निघतो. ती 'डोंगराची स्वामिनी'.

इथेच एक गफलत सांगून टाकतो, कारण ती सगळीकडे दिसते. 'निन' म्हणजे स्वामिनी असे शब्दकोशात वाचून लोक निनाने सुरू होणाऱ्या प्रत्येक देवाला देवी करून टाकतात. सुमेरीत पुल्लिंग-स्त्रीलिंग हा भेदच नाही. भेद आहे तो व्यक्ती आणि वस्तू असा. देवनामांत 'निन' दोघांनाही चालतो. निनगिर्सू, निनुर्ता, निनाझू, निनगिश्झिदा हे सगळे पुरुष देव आहेत.

लपणारे व्यंजन दर वेळी 'क'च असेल असे नाही. दुमुझी, इनान्ना देवीचा नवरा, धनगर देव. दुमु म्हणजे मूल. 'झी'बद्दल दोन शक्यता: 'झी' म्हणजे प्राण, जीव, 'झिद' म्हणजे खरा, एकनिष्ठ. नुसते लिहिताना दोन्हींना एकच चिन्ह. मग 'प्राणपुत्र' की 'खरा पुत्र'? षष्ठी बघायची. तिथे दुमु-झी-दा असे लिहितात. 'द' आला कुठून? मुळात होता म्हणून. त्यामुळे 'एकनिष्ठ, खरा पुत्र' हाच अर्थ टिकतो. हाच देव पुढे तम्मूझ झाला. हिब्रू पंचांगात त्या नावाचा महिना आहे आणि इराकमध्ये जुलैला आजही तम्मूझच म्हणतात.

इनान्नाच्या बाबतीत प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. तिचे नाव अक्षरे जुळवून लिहिलेलेच नाही. वर वेटोळे असलेली वेताची किंवा बोरूची जुडी, दाराशी उभ्या करायच्या खांबासारखी, हे तिचे चिन्ह. उरुकमध्ये सापडलेल्या, मीटरभराहून थोड्या उंच अलाबास्टरच्या प्रसिद्ध पात्रावर अशा दोन जुड्या कोरलेल्या आहेत. चित्रावरून उच्चार कळत नाही. सर्वांत प्रचलित मत असे, की मूळ नाव निन-अन-अक्, 'आकाशाची स्वामिनी'. कर्ता झाल्यावर तिच्या चिन्हापुढे 'के४' येतो, म्हणजे 'क' आहे आणि षष्ठीही आहे. आक्षेप असा, की सुरुवातीचा 'न' गेला कुठे? निनगिर्सूचा 'न' शाबूत राहतो आणि हिचाच का गळतो? इग्नेस गेल्ब यांनी १९६० मध्ये नावाचे मूळ रूप 'इन्निन' असावे असे मांडले. त्यांच्या मते 'आकाशाची स्वामिनी' हा अर्थ नंतर लावलेला असू शकतो.

इथे दुसरी कसोटी कामाला येते: एमेसल. सुमेरीचीच ही एक वेगळी बोली. साहित्यात ती देवी आणि स्त्रिया यांच्या तोंडी येते आणि देवळातले 'गला' नावाचे विलापगायक ती वापरतात. तिच्यात काही ठरावीक शब्द बदलतात. डिङिरचे दिम्मेर होते, निनचे गशन आणि एनचे उमुन. एमेसलमध्ये इनान्नाला गशन-अन्ना म्हणतात. म्हणजे त्या पुजाऱ्यांना तिच्या नावात 'निन' ऐकू येत होता, नाहीतर तिथे 'गशन' घालायचे कारण नव्हते. पण यावर उड्या मारण्याआधी काळ बघा. एमेसलचे मजकूर इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या सुरुवातीपासूनचे आणि इनान्नाचे चिन्ह त्याच्या हजार-बाराशे वर्षे आधीचे. त्या काळच्या विद्वानांना नावाचा अर्थ काय वाटत होता ते एमेसल सांगते. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होते ते सांगत नाही. इश्तर हे तिचे अक्कादी रूप, पण तो शब्द सर्वस्वी वेगळा. तो सेमिटिक 'अथ्तर'शी जोडलेला आहे आणि अथ्तर हा दक्षिण अरबस्तानात पुरुष देव होता.

खरा आखाडा मात्र एन्लिलचा. तो निप्पुरचा देव, सुमेरी देवमंडळाचा प्रमुख. 'वाऱ्याचा स्वामी' हा अर्थ खरा असेल तर नाव एन-लिल-अक् असायला हवे आणि कर्ता झाल्यावर 'क' दिसायला हवा. दिसतो काय? एन-लिल-ले. 'क' नाही. म्हणजे नावात षष्ठी नाही. 'वाऱ्याचा स्वामी' हे भाषांतर व्याकरणाच्या पहिल्याच पायरीवर अडखळते. फार तर 'स्वामी वारा' म्हणता येईल, म्हणजे तो स्वतःच वारा. थोरकिल याकोब्सन यांनी त्याच्याकडे वसंतातल्या ओल्या वाऱ्याचे देवरूप म्हणून पाहिले होते.

या ठिकाणी उलटा पुरावा म्हणून हमखास एक ओळ पुढे केली जाते. लगशचा राजा एन्मेतेना याने इ.स.पू. २४०० च्या सुमारास उम्मा शहराशी चाललेल्या सीमावादाचा इतिहास मातीच्या शंकूवर लिहवून घेतला. त्यात एन-लिल-ला-के४ असे स्पष्ट आहे. मग 'क' आहे की! पूर्ण ओळ वाचली की उलगडा होतो: 'निनगिर्सू, एन्लिलचा वीर, याने उम्माशी युद्ध केले'. हा 'क' एन्लिलच्या नावातला नाही, 'एन्लिलचा वीर' या शब्दसमूहाच्या षष्ठीचा आहे, आणि शेवटचा 'ए' निनगिर्सूचा, कारण लढला तो. सुमेरीत विभक्ती प्रत्येक शब्दाला न लागता सगळ्या समूहाच्या शेवटी एकदाच लागते. म्हणून नाव एकटेच कर्ता असेल अशीच ओळ पुराव्याला घ्यायची. देवनामांच्या वादात सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक हीच असावी, आणि ती चांगले वाचलेले लोकही करतात.

'स्वामी वारा' तरी पक्का का? 'लिल' या शब्दाचे कोशातले अर्थ वारा, झुळूक असे आहेत, तसेच भूत, पिशाच्च असेही आहेत. देवमंडळाच्या प्रमुखाला ते नीट बसत नाहीत. शिवाय सीरियातल्या एब्ला शहराचा पुरावा आहे. तिथे १९७४-७५ मध्ये इ.स.पू. चोविसाव्या शतकाच्या आसपासचे दफ्तरखाने निघाले आणि त्यात सुमेरी शब्दांचे स्थानिक सेमिटिक भाषेतले अर्थ देणाऱ्या याद्या होत्या. त्या याद्यांत एन्लिलसमोर 'इ-लि-लु' आहे. पिओत्र मिखालोव्स्की आणि पिओत्र स्टाइनकेलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी यावरून असे मांडले, की नाव मुळात सेमिटिक असावे. 'इल' म्हणजे देव, त्याची द्विरुक्ती होऊन 'देवांचा देव', आणि सुमेरी लेखनिकांनी ते आपल्या चिन्हांत एन-लिल असे बसवले. अश्शूरमध्ये त्याचा उच्चार इल्लिल होता. इ.स. सहाव्या शतकातला ग्रीक तत्त्वज्ञ दमास्किओस बाबिलोनी देवांची नावे देताना 'इल्लिनोस' लिहितो, म्हणजे हा उच्चार फार उशिरापर्यंत टिकला.

विरुद्ध बाजूचेही ऐकायला हवे. एमेसलमध्ये एन्लिलला मुल्लिल म्हणतात. त्यात 'एन'च्या जागी आलेला 'उमुन'च आहे. म्हणजे नावाची सुरुवात 'एन'ने होते असे गायकांना वाटत होते. एब्लाचे रूप हे सुमेरी नावाचा सेमिटिक तोंडात झालेला अपभ्रंशही असू शकतो, कारण 'न'चा पुढच्या 'ल'मध्ये विलय होणे अक्कादीत नवलाचे नाही. आणखी एक पेच आहे. एन-लिल याच दोन चिन्हांपुढे गावाची खूण 'की' लावली, की ते निब्रू, म्हणजे निप्पुर असे वाचतात. देवावरून गावाचे चिन्ह आले की गावावरून देवाचे, यावरही मते फुटलेली आहेत. आजच्या घडीला 'वाऱ्याचा स्वामी' एवढेच लिहून मोकळे होणे हा आळस. सेमिटिक उगम सिद्ध झाला असे लिहिणे ही घाई.

एन्कीबद्दल थोडक्यात. तो एरिदूचा देव, आणि त्याचे राज्य पृथ्वीवर नाही, अब्झूच्या गोड्या पाण्यावर आहे. मग 'पृथ्वीचा स्वामी' कसा? कर्ता झाल्यावर एन-की-के४ येतो, म्हणजे नावाच्या शेवटी व्यंजन लपलेले आहे हे नक्की. पण षष्ठीत 'गा' लिहिलेलेही सापडते, आणि षष्ठीच्या 'क'पासून 'गा' यायला नको. म्हणून काही अभ्यासक नाव एन्किग असे धरतात आणि मग तो 'की' पृथ्वीवाचक राहत नाही. अक्कादीत त्याला एआ म्हणतात. ते ए-अ अशा दोन चिन्हांनी लिहितात. 'ए' म्हणजे घर, 'अ' म्हणजे पाणी, त्यामुळे 'पाण्याचे घर' हा अर्थ फार गोंडस वाटतो. पण इथे चिन्हे नुसत्या उच्चारासाठी वापरलेली आहेत. या नावाचा उगम 'जगणे' या अर्थाच्या सेमिटिक धातूत असावा असे बऱ्याच जणांचे मत आहे.

आता अनुन्नाकी हा देवांचा समूह, ज्यांच्यामुळे बरेच लोक मुळात सुमेरकडे वळतात. 'आकाशातून पृथ्वीवर आलेले' असा अर्थ १९७० च्या दशकापासून लोकप्रिय पुस्तकांतून पसरला आणि परग्रहवासीयांच्या सगळ्या कथा त्यावर उभ्या राहिल्या. सुमेरी मजकुरात हे नाव अ-नुन-ना-के४-ने असे लिहितात. सोडवून बघा. अ म्हणजे बीज, नुन म्हणजे राजपुरुष, अक् हा षष्ठीचा प्रत्यय आणि एने हा व्यक्तींच्या अनेकवचनाचा. 'राजबीजाचे ते', खानदानी म्हणा हवे तर. शेवटचा 'की' हा पृथ्वीवाचक शब्द नाहीच; तो आपला षष्ठीचा 'क' आणि त्याला अक्कादीत लागलेला अनेकवचनी प्रत्यय. निनगिर्सूच्या नावात जो 'क' आहे तोच हा. 'आकाश आणि पृथ्वी' असे म्हणायला सुमेरीत 'अन-की' हा जोडशब्द आहे आणि तो हजारो वेळा येतो. त्यात 'नुन' नसतो. 'आले' हे क्रियापद तर नावात कुठेच नाही.

कसोटीच्या मर्यादाही आहेत, आणि मर्दूकचे नाव त्या चांगल्या दाखवते. बाबिलोनचा हा देव अमर-उतू असे लिहितात. अमर म्हणजे वासरू, उतू म्हणजे सूर्य. अमर-उतू-अक्, 'सूर्याचे वासरू'. मर्दूकमधला शेवटचा 'क' हाच षष्ठीचा 'क', आणि बायबलमध्येही तो मेरोदाख म्हणून टिकला आहे. व्याकरण बरोबर, चिन्हे बरोबर. पण मर्दूक सूर्याच्या घराण्यातला नाही. तो एन्कीचा मुलगा. म्हणून नाव आधी वेगळेच काही असून लेखनिकांनी ते या चिन्हांत बसवले असण्याची शक्यता उरतेच. व्याकरण एखादी फोड खोटी पाडू शकते. फोड व्याकरणात बसली म्हणून तोच उगम होता असे मात्र ठरत नाही.

शब्दाची हवी तशी फोड करणे हा आजच्या लोकांचा शोध नाही. बाबिलोनच्या पंडितांनी 'एनुमा एलिश' या सृष्टिकाव्यात मर्दूकची पन्नास नावे देऊन त्यांतल्या अक्षरांतून अर्थ काढले आहेत. त्यांच्या मते चिन्हाचे जितके उच्चार तितके अर्थ, आणि सगळेच खरे. यास्काचे निरुक्त ज्यांनी चाळले आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. तिथेही एका शब्दाच्या चार-चार व्युत्पत्ती शेजारी नांदतात. पंडितांची ही फोड देवाबद्दलची त्यांची श्रद्धा सांगते. तिला भाषेच्या इतिहासाचा पुरावा म्हणून वापरले की घोटाळा होतो.

काही नावे कशातच बसत नाहीत. इनाना (इनान्नाचेच दुसरे रूप), झबाबा, बुनेने, कुबाबा, बिलुलू: शेवटचे अक्षर दोनदा येणारी ही नावे बघून सुमेरींच्या आधी तिथे दुसरी एखादी भाषा असावी अशी कल्पना निघाली, आणि गमतीने तिला 'बनाना भाषा' म्हणू लागले. बेन्नो लांड्सबर्गर यांनी १९४० च्या दशकात अशा आधीच्या थराची बाजू मांडली. गोन्झालो रुबियो यांनी १९९९ मध्ये त्या यादीतला एकेक शब्द तपासून बराचसा पाया काढून घेतला. नावांचा आकार सारखा आहे एवढ्यावर भाषा उभी राहत नाही.

संस्कृतशी जोडणी करणाऱ्यांनाही हेच लागू. इनान्नात 'अन्न' दिसते आणि मर्दूकमध्ये 'मरुत', पण वर बघितलेला 'क' कुठून आला याचे उत्तर त्या जोडणीत नसते. पश्चिम आशियात वैदिक देवांची खरी नोंद आहे, ती आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोय इथे सापडलेल्या, हित्ती आणि मितान्नी या दोन राज्यांमधल्या तहात, इ.स.पू. चौदाव्या शतकातली: मित्र, वरुण, इंद्र, नासत्य. ती भक्कम आहे आणि महत्त्वाची आहे. फक्त ती सुमेरी नाही, आणि सुमेरी बोलभाषा संपल्यानंतर काही शतकांनी आलेली आहे.

स्वतः तपासायचे असेल तर सामग्री इंटरनेटवर फुकट आहे. ऑक्सफर्डच्या सुमेरी साहित्यसंग्रहात सुमारे ४०० रचना लिप्यंतर आणि भाषांतरासह आहेत. सीडीएलआय आणि ओरॅक या संग्रहांत शिलालेख आणि हिशेबाच्या पाट्याही मिळतात. शोधताना पहिला अडथळा अक्षरांचा येतो. ऑक्सफर्डच्या संग्रहात 'श'साठी रोमन सी आणि 'ङ'साठी जे टंकावे लागते, तर सीडीएलआयवर 'श'साठी एस-झेड आणि देवाच्या खुणेसाठी महिरपी कंसात डी. हे माहीत नसले की शोध रिकामा येतो आणि शब्द मुळात नाहीच असा समज होतो. नाव सापडले की आधी नुसते रूप, मग एकटे कर्ता असलेले आणि मग षष्ठीचे अशी तिन्ही रूपे काढायची; दोन-चार उदाहरणांवर न थांबता पंधरा-वीस ओळी बघायच्या. जुन्या मजकुरांत लेखनिक शेवटची व्यंजने लिहायचा कंटाळा करतात, म्हणून इ.स.पू. २५०० च्या पाटीवर 'क' नसला तर त्यावरून काही ठरवायचे नाही. मग एमेसल रूप, मग एब्ला किंवा अक्कादी याद्यांतले रूप, आणि शेवटी देवाचे काम नावाच्या अर्थाशी जुळते का ते.

आणि पुस्तक कोणत्या सालचे ते आधी बघायचे. स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तके आज सगळीकडे मोफत मिळतात आणि वादांत सर्रास वापरली जातात. त्यांत निनुर्ताला निनिब म्हटलेले असते, कारण तेव्हा ती चिन्हे तशी वाचत. गिल्गमेश या महाकाव्याच्या नायकाचे नाव तर १८९० पर्यंत इझ्दुबार असे छापले जात होते. त्या साली थिओफिलस पिंचेस यांनी एका पाटीवरून खरा उच्चार दाखवला आणि इझ्दुबार नाहीसा झाला. तोवर त्याचेही अर्थ लावून झाले होते.